ट्रेनरवरचे वॉट घाटात कुठे जातात? हौशी सायकलस्वारांनो, या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात चार महिने मी सायकल घराबाहेर काढलीच नाही. हॉलच्या कोपऱ्यात ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल असं यंत्र, समोर स्टुलावर टॅब आणि पहाटे साडेपाचला तासभर घाम. सप्टेंबर संपता संपता स्क्रीनवर एफटीपी (तासभर टिकवता येईल अशी ताकद) २४० वॉट दिसायला लागला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. लगेच गणित मांडलं. मी ७२ किलो, सायकल आणि बाटल्या मिळून १०. गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाच्या पार्किंगपर्यंत साधारण नऊ किलोमीटर रस्ता आणि ५७० मीटरच्या आसपास चढ. २४० वॉटनं हे सदतीस मिनिटांत व्हायला हवं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गेलो. एकोणपन्नास मिनिटं लागली. शेवटच्या टप्प्यात तर एक काकू भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन चालल्या होत्या, त्या आणि मी बराच वेळ बरोबरीनं होतो.

घरी आल्यावर उलटं गणित केलं. एवढं वजन तेवढ्या वेळात तेवढं वर न्यायचं तर सरासरी १८० वॉट पुरतात. मग उरलेले ६० वॉट गेले कुठे? दोन महिने त्याच्या मागे लागलो होतो. त्या शोधात सापडलेल्या चुका खाली लिहितोय. बहुतेक माझ्याच आहेत, थोड्या ग्रुपमधल्या मित्रांच्या.

ट्रेनर सांगेल ते वॉट खरे धरणं

माझा ट्रेनर मागचं चाक रोलरवर दाबून बसवायचा, जुन्या पद्धतीचा. असा ट्रेनर ताकद थेट मोजत नाही. रोलर किती वेगानं फिरतोय हे बघतो आणि त्या वेगाला किती वॉट लागत असतील याचा अंदाज बांधतो. या अंदाजात टायर आणि रोलरमधलं घर्षण धरलेलं असतं. मागचा नॉब सैल राहिला की घर्षण कमी होतं, चाक सहज पळतं आणि स्क्रीनवर फुकटचे वॉट जमा होतात. आमच्या घरी सकाळी आवाज होतो म्हणून मी नॉब मुद्दामच जरा ढिला ठेवत होतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप वाचली, आकड्यांची वाट लागली.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच करावा लागतो. दर वेळी टायरमध्ये तेवढीच हवा, नॉबचे तेवढेच आटे. आधी दहा मिनिटं पॅडल मारून टायर आणि रोलर गरम होऊ द्यायचे आणि मगच ॲपमधलं कॅलिब्रेशन करायचं. त्यात ॲप सांगेल तेवढा वेग गाठून पाय थांबवायचे. चाक थांबायला किती सेकंद घेतं त्यावरून ट्रेनर घर्षण ओळखतो. गार ट्रेनरवर केलेलं कॅलिब्रेशन अर्ध्या तासानं निरुपयोगी होतं. मागचं चाक काढून कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांवर) चेन थेट बसते त्या ट्रेनरमध्ये ही भानगड पुष्कळ कमी. आवाजासाठी खाली जाड रबरी मॅट घाला, नॉबला हात लावू नका.

दुसरी गफलत चाचणीची. एफटीपी म्हणजे ढोबळमानानं तासभर टिकवता येईल अशी ताकद. वीस मिनिटांची चाचणी दिली तर तिच्या सरासरीला ०.९५ नं गुणायचं असतं. मी वीस मिनिटांचाच आकडा एफटीपी म्हणून मिरवत होतो. नीट कॅलिब्रेशन करून पुन्हा चाचणी दिली तेव्हा सरासरी आली २०५, म्हणजे एफटीपी १९५. साठातले पंचेचाळीस वॉट मुळात कधी नव्हतेच. वाईट वाटलं, पण दोन दिवसांत विसरलो.

ॲपमध्ये वजन कमी टाकण्याबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांनी टाकलंय त्यांना माहीत आहे.

छताच्या पंख्यावर भागवणं

काही जणांची तक्रार माझ्या बरोबर उलटी असते: बाहेर २०० वॉट सहज निघतात, घरात १७० ला जीव जातो. अशा वेळी ट्रेनरच्या आधी पंख्याकडे बघा. आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. पॅडलवर १८० वॉट म्हणजे अंगातून साधारण ६०० वॉट उष्णता बाहेर पडतेय. बंद खोलीत लहान हीटर लावून त्याच्यावरच बसल्यासारखं आहे हे. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरचा वारा ती घेऊन जातो. छताचा पंखा तीच गरम हवा डोक्यावर फिरवत राहतो.

लक्षण ओळखायला सोपं आहे. वॉट तेवढेच ठेवूनही नाडीचे ठोके वर वर सरकत जातात. विसाव्या मिनिटाला १४५, पन्नासाव्याला १६५. लोक याला 'फिटनेस कमी झाला' म्हणतात आणि आणखी जोर लावतात. समोर छातीच्या उंचीला एक मोठा पेडेस्टल पंखा, खिडकी उघडी, शक्य असेल तर मागून दुसरा पंखा. मुंबईत आणि कोकणात हवा दमट असल्यामुळे घाम वाळतच नाही, तिथे मे महिन्यात आकड्यांचा हट्ट सोडून दहा-पंधरा वॉट खाली उतरावं. तासाभराला एक बाटली पाणीही पुरत नाही. मी लिंबू, साखर, मीठ घातलेल्या दोन बाटल्या ठेवतो आणि त्या संपतात.

घाम सायकलवर गळू देणं

ही चूक सर्वांत महागात पडली. डिसेंबरमध्ये हँडलबारची टेप बदलायला गेलो. मेकॅनिकनं जुनी टेप सोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. टेपखाली बारवर पिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच दाबलं, तर ॲल्युमिनिअमचे पापुद्रे सुटून आले. ब्रेकच्या पट्टीखाली तर खड्डाच पडला होता. "सर, सायकल समुद्रात धुता का?" एवढंच तो म्हणाला. हा बार उतारावर हातात तुटला असता तर काय झालं असतं, ते आम्ही दोघंही बोललो नाही.

रस्त्यावर घाम वाऱ्यानं मागे उडतो. ट्रेनरवर तो सरळ खाली पडतो: बारवर, स्टेमच्या बोल्टवर, हेडसेटमध्ये, फ्रेमच्या नळीवर. मिठाचं पाणी धातूला खातं, आणि टेपच्या आत शिरलेलं मीठ बाहेरून दिसत नाही. बारवर जुना टॉवेल आडवा टाका, व्यायाम झाला की ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसा, वर्षातून एकदा टेप काढून आत बघा. स्टेमचे बोल्ट सहा महिन्यांतून एकदा काढून थोडं ग्रीस लावा. जुनी, गिअर चालणारी एखादी सायकल घरात पडून असेल तर ट्रेनरवर तीच बसवा.

स्क्रीनवरचा चढ म्हणजे घाट समजणं

आता उरलेले पंधरा वॉट. हे सापडायला वेळ लागला.

ट्रेनरसोबत वापरायच्या झ्विफ्ट या ॲपवर आल्प द्यू झ्विफ्ट नावाचा चढ आहे. फ्रान्समधल्या आल्प द्युएझची ती नक्कल, १२.२ किलोमीटर, १,०३६ मीटर चढ, तीच एकवीस वळणं. पावसाळ्यात मी तो आठ-नऊ वेळा चढलो, माझ्या ११-२८ च्या (सर्वांत लहान चकतीला ११ दात, मोठीला २८) कॅसेटवर, फारसं काही न वाटता. साहजिकच सिंहगडाला तीच कॅसेट घेऊन गेलो.

मला माहीत नव्हतं ते असं: झ्विफ्टमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' नावाची सेटिंग आहे आणि ती मुळात पन्नास टक्क्यांवर असते. म्हणजे स्क्रीनवर दहा टक्के चढ दिसतो तेव्हा पायाला पाच टक्क्यांसारखा लागतो. तुमचा वेग पूर्ण चढाच्या हिशोबानंच मोजला जातो, त्यात फसवाफसवी नाही. पण गिअर कमी पडण्याची वेळ तिथे येतच नाही. सिंहगडाच्या काही वळणांवर चढ दहा टक्क्यांच्या पुढे जातो. तिथे वेग ताशी आठवर आला, पुढे ३४ दात, मागे २८, आणि पाय मिनिटाला बावन्न फेऱ्यांवर. पॅडल ढकलतोय की ओझं उचलतोय कळेना. गुडघे आठवडाभर कुरकुरत होते. त्याच वेगाला मागे ३४ दातांची कॅसेट असती तर त्रेसष्ट फेऱ्या मिळाल्या असत्या, आणि तेवढा फरक खूप असतो.

तेव्हा घाटाची तयारी ट्रेनरवर करायची असेल तर ती सेटिंग पूर्ण शंभरावर न्या आणि गिअर पुरतात का ते घरीच बघा. कॅसेट बदलताना आपल्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) किती दात झेपतात हे दुकानात विचारून घ्या, चेनही बहुधा लांब लागते.

ग्रुपमधल्या एकानं कॅसेटऐवजी हलकी चाकं घेतली, तीनशे ग्रॅम वाचले म्हणून. ८२ किलोत तीनशे ग्रॅम म्हणजे सिंहगडाला दहा सेकंद. तेवढा वेळ मी एका केळ्याचं साल काढण्यात घालवतो. पण चाकं देखणी आहेत, हे मान्य.

आणि सुरुवातीची घाई. ॲपवरच्या शर्यतीत पहिल्या मिनिटाला जोर लावला नाही तर गट सुटतो, त्यामुळे ती खोड पायाला लागते. घाटात पहिला दीड किलोमीटर मी २३०-२४० च्या जोरानं मारला असणार आणि पुढचं सगळं ते कर्ज फेडण्यात गेलं. आता पहिली दहा मिनिटं बोलता येईल इतक्याच दमानं चढतो. मागून येणारी कॉलेजची पोरं पुढे जातात. जाऊ देतो.

विक्रमाचा आकडा उचलून आपल्या अंगावर घालणं

आमच्या ग्रुपवर दर जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की वॉट आणि मिनिटांचा पाऊस पडतो. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाच्या पोगाचारनं प्लाटो द बेय हा घाट चढून इटलीच्या पांतानीचा १९९८ चा वेळ साडेतीन मिनिटांनी मागे टाकला, तेव्हा तर रात्री दोनपर्यंत मेसेज चालू होते. १५.८ किलोमीटर, सरासरी ७.९ टक्के, चाळीस मिनिटांच्या आत. तासाला अठराशे मीटरहून जास्त उंची. माझ्या त्या रविवारचा हिशोब सातशे मीटर येतो. हे वाचून एक मित्र म्हणाला, "म्हणजे आपण अडीच पटच मागे आहोत!" त्या 'च' ला दाद द्यायला हवी.

पण आकडा सुटा घेतला की काय होतं, हे एका तासाच्या विक्रमात जसं दिसतं तसं कुठेच दिसत नाही. १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले. १९९६ मध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमननं मँचेस्टरला हात सुपरमॅनसारखे पुढे ताणून ५६.३७५ कापले. पुढे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं ठरवलं की विक्रम मर्क्सच्या काळातल्यासारख्या साध्या सायकलवरच मोजायचा. २००० साली तोच बोर्डमन तशा सायकलवर बसला आणि अंतर भरलं ४९.४४१, मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त. चार वर्षांत माणूस थोडा थकला असेल, पण सात किलोमीटर थकला नव्हता. सायकल बदलली होती आणि बसण्याची पद्धत बदलली होती. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंचेनच्या लाकडी ट्रॅकवर इटलीच्या फिलिपो गानानं ५६.७९२ केले. पुढे ६५ दात, मागे १४.

यातून आपल्या कामाचं एवढंच: सपाटीवर वेग वाढतो तशी हवा कापायला लागणारी ताकद घनाच्या पटीत वाढते. ताशी तीसवरून गानाच्या वेगाला जायचं तर जवळजवळ सातपट. त्यामुळे सपाटीला कोपर आत घेऊन खाली वाकून बसलात तर जे फुकट मिळतं, ते सहा महिन्यांच्या घामानंही मिळत नाही. आणि सिंहगडाच्या चढाला ताशी अकरानं जाताना त्याचा काही उपयोग नाही. आमच्यातले काही जण घाटातही नाक हँडलला लावून चढतात. सरळ बसा, हात बारच्या वरच्या भागावर ठेवा, श्वास तरी नीट घेता येईल.

उलटी बाजूही आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाणारी रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पुरी करायची तर सुमारे ४,८०० किलोमीटरना बारा दिवस मिळतात. थांबे धरून ताशी सतराचा वेग. ऐकायला आपल्या रविवारच्या फेरीपेक्षा हळू. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये ती मुदतीत पुरी केली. त्या सतरात झोपेचे तास, वाळवंट आणि रॉकी पर्वत सगळं मोजलेलं आहे.

उताराला विश्रांती समजणं

ट्रेनरवर उतार नसतोच, पॅडल थांबवलं की झालं. म्हणून पावसाळाभर घरात राहिलेला माणूस पहिल्या उताराला कच्चा असतो. सिंहगडावरून उतरताना समोरून जीप वळणाचा अर्धा रस्ता खात येते, कडेला बारीक खडी असते आणि माकडं कठड्यावरून कधी उतरतील सांगता येत नाही. ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नाही. सतत हलका दाबून ठेवलेला ब्रेक रिम तापवतो, रिम ट्यूब तापवते, आणि ट्यूब फुटायला तेवढं पुरतं. दोन-तीनदा दाबा, सोडा. हात आखडले तर बाजूला थांबा.

जानेवारीत पुन्हा गेलो. नवी कॅसेट, पहिली दहा मिनिटं गप्प. सेहेचाळीस मिनिटं. १९५ नं पंचेचाळीस व्हायला हवी होती. एक मिनिट अजून कुठेतरी सांडलंय, पण दह्याचं मडकं समोर आल्यावर ते शोधायचं राहून गेलं.