पाच फोल्डर, इतिहास एकच: गिटच्या प्रतींमध्ये अडकलेली जागा सोडवताना

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या सोर्सच्या, पाच प्रती कायम असतात, सगळ्या गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल इतिहासासकट सांभाळणारं साधन). एक मेनलाइन, म्हणजे लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची मुख्य प्रत; दोन स्टेबलच्या (दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या जुन्या आवृत्त्या), ६.१ आणि ६.६; एक लिनक्स-नेक्स्ट (पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल जिथे जुळवले जातात ती), आणि पाचवी आमच्या ग्राहकाच्या बोर्डाची. मी एम्बेडेडमध्ये (उपकरणांतल्या छोट्या संगणकांसाठी) ड्रायव्हर लिहिते, त्यामुळे एकच दुरुस्ती सकाळी मेनलाइनवर, दुपारी ६.६ वर आणि संध्याकाळी ६.१ वर तपासावी लागते. एकाच फोल्डरमध्ये सारखी ब्रांच (कोडची वेगळी शाखा) बदलत राहिलं तर प्रत्येक वेळी हजारो फायलींच्या वेळा बदलतात आणि बिल्ड (सोर्सपासून कर्नल तयार करणं) जवळजवळ पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून पाच फोल्डर हवेतच. प्रश्न इतकाच, की पाच फोल्डरांसाठी २००५ पासूनचा अख्खा इतिहास पाच वेळा साठवायचा का?

मी बरीच वर्षं तसाच साठवत होते. डिस्क २५६ जीबीची. मग एका रात्री ६.६ चा बिल्ड अगदी शेवटच्या टप्प्यात मोडला: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करा. ‘-व्हीएच’मधला एच आणि ‘ओ=’मधला ओ तेवढे कॅपिटल, बाकी अक्षरं लहान.)

आधी मोजा

काहीही पुसण्याआधी जागा नेमकी कुठे गेली ते बघा. पाचही फोल्डर एकाच आज्ञेत द्या:

डीयू -एसएच के-मेन के६१ के६६ के-नेक्स्ट के-बोर्ड

एकाच आज्ञेत का, तर काही फायली हार्डलिंकने (डिस्कवरच्या एकाच फाइलला दिलेल्या दुसऱ्या नावाने) दोन फोल्डरांत सामायिक असतील तर डीयू त्या एकदाच मोजतो. वेगवेगळं मोजलंत तर त्याच फायली दोनदा मोजल्या जातात आणि आकडा खोटा मोठा दिसतो. मग प्रत्येक रेपोत (गिटचा इतिहास असलेल्या प्रतीत) ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच’ चालवा. त्यात ‘साइझ-पॅक’ ही ओळ म्हणजे इतिहासाचं वजन.

माझा हिशोब असा निघाला: एकूण ७१ जीबी. त्यात पाच .गिट फोल्डरांचा इतिहास २५, प्रत्यक्ष सोर्स ८ आणि बिल्डमधून तयार झालेला माल तब्बल ३८. मी गिटला दोष देत बसले होते आणि निम्म्याहून जास्त जागा बिल्डच्या फायलींनी खाल्ली होती. गिटचं पुढचं सगळं करण्याआधी हा ढीग कमी करा, कारण तो सगळ्यात सोपा आहे. बिल्ड सोर्सच्या बाहेर काढा: ‘मेक ओ=../बिल्ड/के६१’. मग तो फोल्डर कधीही बिनधास्त उडवता येतो. सोर्समध्ये आधी बिल्ड केलेला असेल तर मेक तुम्हाला आधी ‘मेक एमआरप्रॉपर’ चालवायला सांगेल, ते चालवताना .कॉन्फिग फाइलही (कर्नलच्या बिल्डची तुमची निवड) पुसली जाते, तेव्हा ती आधी दुसरीकडे ठेवा. आणि ज्या प्रतीत डीबगर लावायचा नाही तिथे डीबग इन्फो बंद करा. एवढ्यावर माझे ३८ चे १४ झाले.

एकाच डिस्कवरचा क्लोन: आपोआप मिळणारी, हळूहळू विरणारी बचत

आता इतिहासाकडे. तुम्ही त्याच डिस्कवरच्या रेपोचा साधा पाथ देऊन क्लोन केलात (गिट क्लोन के-मेन के-नवा), तर गिट आपल्या ऑब्जेक्टच्या (ज्यांत इतिहास साठवतो त्या) फायली कॉपी करत नाही, हार्डलिंक करतो. क्लोन काही क्षणांत होतो आणि इतिहासाला जवळपास शून्य जागा लागते. पाथऐवजी ‘फाइल://’ने सुरू होणारा पत्ता दिलात तर ही सोय मिळत नाही. दुसऱ्या पार्टिशनवर क्लोन केलात तरी नाही.

पण ही बचत टिकत नाही. दोन्हीकडे वेगवेगळं फेच होतं (नवे बदल उतरतात), मग एकात ‘गिट जीसी’ (गिटची साफसफाई) चालतं, तो सगळ्याचा नवा पॅक (ऑब्जेक्ट्सचा एकत्र गठ्ठा) बांधतो, आणि तिथून पुढे दोघांचे संसार वेगळे. माझ्या दोन प्रती अशाच जन्मल्या होत्या. वर्षभरात त्यांच्यात एकही फाइल सामायिक उरली नव्हती.

वर्कट्री: मी जे वापरते ते

गिट २.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, वर्कट्री ही सोय आहे. रेपो एकच, त्याला हवे तितके कामाचे फोल्डर जोडायचे. प्रत्येक फोल्डरला स्वतःचं हेड (सध्या कुठे आहोत ती खूण), स्वतःचा इंडेक्स (पुढे नोंदवायच्या फायलींची यादी); ऑब्जेक्ट मात्र सगळ्यांचे एकाच ठिकाणी. मला हा मार्ग सगळ्यात जास्त विश्वासाचा वाटतो, कारण साफसफाई करताना गिटला सगळ्या फोल्डरांची माहिती असते. कुठल्याही फोल्डरमध्ये वापरात असलेली कमिट (इतिहासातली एक नोंद) तो फेकत नाही.

जुन्या प्रती मोडून वर्कट्रीवर येताना घाई करू नका. मी एकेक प्रत घेतली, एका संध्याकाळी एकच. ६.१ चं उदाहरण देते.

आधी जुन्या के६१ मध्ये जाऊन बघा, कुठे न पुश केलेलं (फक्त इथेच असलेलं) काम आहे का: ‘गिट लॉग --ब्रांचेस --नॉट --रिमोट्स’. मग ‘गिट स्टॅश लिस्ट’ (स्टॅश म्हणजे कमिट न करता बाजूला ठेवलेलं काम). स्टॅशमधलं काही हवं असेल तर त्याची आत्ताच ब्रांच करून कमिट करा, कारण पुढच्या पायरीत फक्त ब्रांचच येतात. मग ‘गिट स्टेटस --इग्नोर्ड’ बघून .कॉन्फिग, पॅच फायली, स्वतःच्या छोट्या स्क्रिप्ट बाजूला काढा. या स्क्रिप्ट कुठल्याच रेपोत नसतात, आणि नेमक्या त्याच परत लिहायला दिवस जातो.

आता के-मेनमध्ये जा. हाच यापुढचा एकमेव रेपो. ‘गिट रिमोट ॲड स्टेबल’ देऊन पुढे कर्नल डॉट ऑर्गवरचा स्टेबलचा पत्ता लिहा. लगेच नेटवरून फेच करू नका! डिस्कवर ते सगळं आधीच आहे:

गिट फेच ../के६१ 'रेफ्स/हेड्स/*:रेफ्स/हेड्स/जुने६१/*' 'रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/*:रेफ्स/रिमोट्स/स्टेबल/*'

पहिल्या भागाने तुमच्या ब्रांच ‘जुने६१’ या नावाखाली येतात, दुसऱ्याने स्टेबलच्या. त्यानंतर ‘गिट फेच स्टेबल’ केलंत की नेटवरून फक्त नवीन तेवढंच उतरतं. हे मी गावी, राजापूरला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर केलं होतं. तिथे काही जीबी उतरवणं शक्यच नव्हतं. आपल्या ब्रांच आल्याची खात्री करा, मगच जुना फोल्डर पुसा. आणि मग:

गिट वर्कट्री ॲड -बी काम-६१ ../के६१ स्टेबल/लिनक्स-६.१.वाय

झालं. नवीन के६१ मध्ये .गिट हा फोल्डर नसून एका ओळीची फाइल दिसेल. त्यात मुख्य रेपोकडे जाणारा रस्ता लिहिलेला असतो.

काही गोष्टी मात्र अंगवळणी पाडाव्या लागतात. एकच ब्रांच एका वेळी दोन फोल्डरांत चेकआउट करता (उघडता) येत नाही. नुसतं बघायचं असेल तर ‘--डिटॅच’ लावा. स्टॅश सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे ६.६ मध्ये ठेवलेलं ६.१ मध्ये पॉप होऊ शकतं. मी स्टॅश वापरणंच सोडलं, अर्धवट काम कमिट करून ठेवते. बायसेक्ट (दोष कुठल्या कमिटने आला ते शोधणं) मात्र प्रत्येक फोल्डरचा स्वतंत्र असतो, आणि याचा मला फार उपयोग होतो: एका फोल्डरमध्ये दोष शोधणं चालू ठेवून दुसरीकडे काम करता येतं.

फोल्डर नको झाला तर हाताने पुसू नका, ‘गिट वर्कट्री रिमूव्ह’ म्हणा. आत न जोडलेल्या फायली असतील तर तो अडवतो आणि ते बरंच आहे. हाताने पुसलाच असेल तर ‘गिट वर्कट्री प्रून’. मुख्य रेपो दुसरीकडे हलवलात तर तिथे जाऊन ‘गिट वर्कट्री रिपेअर’. बाहेरच्या डिस्कवर वर्कट्री असेल तर ती ‘लॉक’ करून ठेवा, नाहीतर डिस्क जोडलेली नसताना गिट समजेल की फोल्डर गेला. सबमॉड्यूल (आत जोडलेला दुसरा रेपो) असलेल्या रेपोत वर्कट्री अजून नीट बसत नाही. तिथे मी हा मार्ग सुचवणार नाही.

डॉकरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये, बिल्ड करत असाल तर अजून एक. त्या एका ओळीच्या .गिट फाइलमध्ये सहसा पूर्ण पाथ असतो. कंटेनरमध्ये फक्त के६१ माउंट केलात (आत दिसेल असा जोडलात) तर आतल्या गिटला रेपो सापडत नाही. मुख्य रेपोही त्याच पाथवर माउंट करा.

उसना इतिहास, आणि तो परत मागितला जातो तेव्हा

ऑफिसच्या बिल्ड सर्व्हरवर गोष्ट वेगळी. तिथे दहा जणांचे दहा क्लोन, प्रत्येकाचा रेपो स्वतंत्रच हवा. तिथे ‘--रेफरन्स’ कामाला येतो:

गिट क्लोन --रेफरन्स /डेटा/आरसा/लिनक्स.गिट (पुढे नेहमीचा पत्ता)

क्लोनमध्ये .गिट/ऑब्जेक्ट्स/इन्फो/ऑल्टरनेट्स नावाची साधी मजकुराची फाइल तयार होते. तिच्यात आरशाच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या सामायिक रेपोच्या, ऑब्जेक्ट्सचा पाथ असतो. जे ऑब्जेक्ट तिथे आहेत ते क्लोन स्वतःजवळ ठेवत नाही, तिथूनच वाचतो. ‘--शेअर्ड’सुद्धा हेच करतो. अडचण अशी की उसनं कोणी घेतलंय हे आरशाला माहीतच नसतं.

याचा फटका मी खाल्ला आहे. माझ्या सामायिक रेपोत ग्राहकाची एक ब्रांच मी फेच केली होती, आणि त्याच रेपोवरून एका सहकाऱ्याला ‘--शेअर्ड’ क्लोन करून दिला. त्याने त्या ब्रांचवर काम सुरू केलं. महिन्याभराने मला वाटलं ब्रांचची गरज संपली, म्हणून ती पुसली. कुठूनच संदर्भ नसलेले ऑब्जेक्ट जीसी साधारण दोन आठवडे सांभाळतो, मग फेकतो. एका सोमवारी सहकाऱ्याच्या रेपोत प्रत्येक आज्ञेला ‘बॅड ऑब्जेक्ट’. त्याच्या स्वतःच्या कमिट जागेवर होत्या, पण ज्यावर त्या उभ्या होत्या ते खालचं गेलं होतं. त्याचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. चूक पूर्णपणे माझी होती.

सुटका झाली ती तिसऱ्या एकाकडे तीच ब्रांच असल्यामुळे. ऑल्टरनेट्स फाइलमध्ये दुसरी ओळ लिहून त्याच्या रेपोच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरचा पाथ दिला. ‘गिट एफएससीके --कनेक्टिव्हिटी-ओन्ली’ (सगळे ऑब्जेक्ट सापडतात का ही तपासणी) स्वच्छ आला. मग ‘गिट रीपॅक -ए -डी’, ज्याने उसने घेतलेले सगळे ऑब्जेक्ट स्वतःच्या पॅकमध्ये येतात. ते पूर्ण झाल्यावरच ऑल्टरनेट्स फाइल पुसली. उसनवारीतून बाहेर पडायचं असेल तेव्हा, काही मोडलेलं नसतानाही, हाच क्रम वापरा.

तेव्हापासून आरशाचे माझे नियम ठरलेले आहेत. त्यात कोणीही काम करायचं नाही. त्यात ‘जीसी.प्रूनएक्स्पायर’ला ‘नेव्हर’ दिलेलं असतं, म्हणजे काहीच फेकलं जात नाही. ‘गिट जीसी --प्रून=नाऊ’ तिथे कधीही चालवायचं नाही. आणि लिनक्स-नेक्स्ट त्यात घ्यायचं नाही: ते रोज नव्याने जुळवलं जातं, कालची कमिट आजच्या ब्रांचमध्ये असेलच असं नाही, आणि काही न फेकणाऱ्या रेपोत ते नुसतं साचत जातं. ‘--डिसोसिएट’ जोडलंत तर क्लोन होताच उसनवारी संपते. त्याने नेटवरचा वेळ वाचतो, डिस्क नाही.

लॅपटॉपवरच्या नेक्स्टलाही एक गोष्ट करावी लागली. रोजच्या तारखेचा टॅग (एका कमिटला दिलेलं कायमचं नाव) फेचबरोबर यायचा आणि तो टॅग त्या दिवसाचा अख्खा पसारा जिवंत ठेवायचा. ‘गिट कॉन्फिग रिमोट.नेक्स्ट.टॅगऑप्ट --नो-टॅग्ज’ केलं, जुने टॅग पुसले, आणि जीसीला त्याच्या गतीने चालू दिलं.

‘--डेप्थ १’ (मागचा इतिहासच न घेणं) किंवा ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ (जुन्या फायलींचा मजकूर न घेणं) हे एकदाच बिल्ड करायचं असेल तेव्हा चांगले. पण फिल्टर लावलेल्या रेपोत ‘गिट ब्लेम’ (कुठली ओळ कुठल्या कमिटने आली ते दाखव) म्हटलं की तो जुन्या फायली नेटवरून मागायला लागतो, आणि माझं अर्धं काम ब्लेमवरच चालतं.

आज पाचही फोल्डर मिळून २९ जीबी आहेत: इतिहास ७, सोर्स ८, बिल्ड १४. गेल्या आठवड्यात ६.१२ साठी सहावा फोल्डर जोडला. त्याने फक्त सोर्सची जागा घेतली, दीड जीबीच्या आसपास, आणि नेटवरून काहीच उतरवावं लागलं नाही.