झाकण उघडा, पिना मोजा: इलेक्ट्रिक गाडीचा चार्जिंग कनेक्टर कसा ओळखायचा

चार्जरकडे नंतर बघू. आधी दिवसाउजेडी, घाई नसताना, स्वतःच्या गाडीच्या चार्जिंग पोर्टचं झाकण उघडा आणि आत पिना किती आणि कशा मांडल्या आहेत ते नीट बघा. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. हे पाच मिनिटांचं काम राहून गेलं की माणूस रात्री दहा टक्के बॅटरीवर हातात जड गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग) धरून उभा राहतो आणि ती बसत का नाही म्हणून रेटत बसतो. गन रेटून कधीच बसत नाही. ती चुकीची असते, किंवा तिरकी धरलेली असते.

आधी एसी आणि डीसी वेगळं करा

बॅटरीत फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज साठते, आणि तारांमधून आपल्यापर्यंत येते ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. म्हणजे एसीची डीसी कुठेतरी करावीच लागते. ते काम गाडीत बसवलेला ऑनबोर्ड चार्जर करतो, नाहीतर स्टेशनवरचं ते कपाटाएवढं यंत्र करतं. ऑनबोर्ड चार्जर गाडीत मावेल एवढाच असतो, म्हणून एसी चार्जिंग सावकाश होतं. कपाटाला जागेची आणि वजनाची अडचण नाही. ते तयार डीसी थेट बॅटरीत सोडतं, म्हणून तिथे काही तासांचं काम मिनिटांवर येतं. कनेक्टरचे एवढे प्रकार का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे: बहुतेक कनेक्टरांत बारीक पिना एसीच्या, जाड पिना डीसीच्या.

आता आकार ओळखा

टाइप 2 हा एसीचा कनेक्टर युरोपात रुळला आणि भारतातल्या गाड्यांतही तोच आहे. गोल, पण वरची कड सपाट. आत सात पिना. वरच्या ओळीत दोन बारीक, मधल्या ओळीत तीन, खाली दोन. अगदी मधली पिन अर्थिंगची. तिच्या दोन बाजूंच्या आणि खालच्या मिळून चार पिना न्यूट्रल आणि तीन फेजच्या. वरच्या दोन बारीक पिना वीज नेत नाहीत, त्या निरोप नेतात. त्यांच्याकडे पुढे वळू.

टाइप 2च्या खाली दोन जाड पिना जोडलेल्या दिसल्या, तर तुमच्या गाडीला सीसीएस 2 पोर्ट आहे. याचं डिझाइन मला फार आवडतं. एकाच पोर्टात वरच्या भागात एसीची गन बसते, आणि डीसीची मोठी गन बसवली की वरचा-खालचा दोन्ही भाग भरतो. पुढच्या वेळी सीसीएस 2ची गन हातात आली की तिच्या तोंडात डोकावून बघा. वरच्या गोलात सात जागा दिसतात, पण धातूचे संपर्क असतात फक्त तीन ठिकाणी: अर्थिंग आणि निरोपाच्या दोन पिना. फेज आणि न्यूट्रलच्या जागा रिकाम्या. या गनमधून एसी येतच नाही, मग त्या हव्यात कशाला? लांबून सारख्या दिसणाऱ्या दोन गनांतला फरक या रिकाम्या जागांवरून लगेच कळतो.

टाइप 1 जपान आणि उत्तर अमेरिकेतला. पाच पिना, एकच फेज, आणि गनवर अंगठ्याने दाबायची कळ. त्याच्या खाली दोन जाड पिना जोडल्या की सीसीएस 1 होतो. सीसीएस 1 आणि सीसीएस 2 नावाने भाऊ, पण एकाची गन दुसऱ्याच्या पोर्टात जात नाही.

चाडेमो हा जपानचा डीसी कनेक्टर. मोठं गोल तोंड, दोन जाड पिना, आणि लहान पिनांचे दोन झुबके. निसान लीफमध्ये तो बरीच वर्षं होता. यात एसीची सोय नाही, म्हणून अशा गाडीला शेजारी दुसरं पोर्ट लागतं. जपानी भाषेत ‘चहा घेणार का?’ या अर्थाच्या वाक्याशी या नावाचा मेळ बसवलेला आहे. चार्ज होईपर्यंत चहा होतो, ही त्यामागची कल्पना.

चीनमध्ये जीबी/टी चालतो, एसीचा वेगळा आणि डीसीचा वेगळा. त्यातला एसीचा लांबून थेट टाइप 2सारखा दिसतो आणि फसवतो, कारण पिना आणि छिद्रांची बाजू उलटी आहे. ते दोन एकमेकांत बसत नाहीत.

राहिला नॅक्स. टेस्लाने स्वतःसाठी केलेला हा कनेक्टर नोव्हेंबर 2022मध्ये इतरांसाठी खुला केला. मे 2023मध्ये फोर्डने तो स्वीकारल्याचं जाहीर केलं आणि मग उत्तर अमेरिकेत बाकीच्यांची रांग लागली. पाचच पिना, आणि त्याच दोन मोठ्या पिनांतून एसीही जाते, डीसीही. गन सगळ्यांत आटोपशीर. युरोपात मात्र टेस्लाच्या गाड्याही सीसीएस 2च वापरतात, तेव्हा गाडीच्या कंपनीवरून कनेक्टरचा अंदाज बांधू नका.

निरोपाच्या पिना

गन लावली की लगेच वीज सुरू होत नाही. आधी बोलणं होतं. टाइप 1 आणि टाइप 2 दोन्हींत चार्जर एका पिनेवर 12 व्होल्टचा संकेत धरून ठेवतो. गाडी जोडली की तो 9 व्होल्टवर उतरतो, गाडी ‘घ्यायला तयार आहे’ म्हणाली की 6वर. तेव्हाच चार्जरमधला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा आतला स्विच, ‘टक्’ करून जोडला जातो. हा आवाज कान देऊन ऐका, तो आला की पुढचं सुरळीत आहे. याच संकेताचे सेकंदाला 1000 ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोका किती रुंद आहे त्यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर ओढायची परवानगी आहे. 10 टक्के रुंदीचा अर्थ 6 अँपिअर, 50 टक्के म्हणजे 30.

शेजारची दुसरी पिन केबलची कुवत सांगते. टाइप 2च्या सुट्या केबलच्या प्लगमध्ये एक रेझिस्टर असतो: 680 ओहम म्हणजे 20 अँपिअरची केबल, 220 ओहम म्हणजे 32ची. बारीक केबल लावून जास्त वीज ओढली जाऊ नये, याची काळजी ते एवढंसं रेझिस्टर घेतं.

पिनांची लांबीही मुद्दाम कमीजास्त ठेवलेली असते. अर्थिंग सर्वांत आधी टेकतं, निरोपाच्या पिना शेवटी. काढताना उलट: निरोप आधी तुटतो, वीज बंद होते, आणि मग जाड पिना सुटतात. म्हणून ठिणगी पडत नाही.

बसला म्हणजे तेवढा वेग मिळेल असं नाही

चार्जरच्या खांबावर 22 किलोवॅट लिहिलेलं असतं आणि गाडीच्या पडद्यावर 7 दिसतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला चार्जर बिघडलाय असंच वाटलं होतं. साधं गणित आहे. 230 व्होल्ट गुणिले 32 अँपिअर म्हणजे सुमारे 7.4 किलोवॅट, ही एका फेजची मर्यादा. तीन फेज मिळून 22. गाडीचा ऑनबोर्ड चार्जर एकाच फेजचा असेल, तर खांबावर काहीही लिहिलेलं असो, मिळणार 7.4च. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेतून दोन आकडे काढून त्या फोटोखाली लिहून ठेवा: एसीला जास्तीत जास्त किती किलोवॅट, आणि डीसीला किती.

डीसीलाही तोच न्याय. केबल 200 अँपिअर देत असेल तर 400 व्होल्टच्या बॅटरीत 80 किलोवॅट जातात, 800 व्होल्टच्या बॅटरीत 160. शिवाय साधारण 80 टक्क्यांपुढे बॅटरी स्वतःच वेग उतरवते. प्रवासात असाल तर तिथून निघालेलं बरं.

अ‍ॅडॉप्टर घ्यावा का?

एसीमध्ये घ्यायला हरकत नाही. टाइप 1 आणि टाइप 2 एकच भाषा बोलतात, त्यामुळे एका टोकाला टाइप 2 आणि दुसऱ्या टोकाला टाइप 1 असलेली चांगली केबल बिनधोक चालते. डीसीमध्ये फार जपून. चाडेमो आणि सीसीएस यांची बोलायची पद्धतच वेगळी, म्हणून मधल्या अ‍ॅडॉप्टरला दुभाष्याचं काम करावं लागतं, आणि ते शेकडो अँपिअर वाहत असताना. गाडीच्या कंपनीने मान्य केलेला नसेल तर लावू नका. अ‍ॅडॉप्टरला अ‍ॅडॉप्टर किंवा केबलला केबल जोडणं तर कधीच नको.

काही खांबांना केबल नसते, नुसतं टाइप 2 सॉकेट असतं. तिथे आपली केबल लागते. घेताना तीन फेजची 32 अँपिअरची घ्या, ती एका फेजवरही चालते. वजनाने थोडी जड होते, एवढंच.

लावताना, काढताना

पोर्टात पाणी, माती, वाकलेली पिन नाही ना ते बघा. गन सरळ रेषेत धरून पूर्ण आत ढकला. डीसीची गन जड असते, दुसऱ्या हाताने केबलचा भार उचलून धरा, नाहीतर ती खाली ओढली जाते आणि संपर्क नीट होत नाही. गाडी गनला आतून कुलूप लावते, त्याचा बारीक घर्र असा आवाज येतो. मग ‘टक्’, आणि पडद्यावर आकडा चढू लागतो.

काढताना आधी चार्जिंग थांबवा, मग गाडी अनलॉक करा, मग ओढा. तरी निघाली नाही तर हिसका देऊ नका. गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा आणि गन किंचित आत दाबून मग ओढा, कुलपाचा अडकलेला खिळा बहुतेक वेळा सुटतो. बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हे कुलूप सोडवायला हाताने ओढायची एक दोरी दिलेली असते. ती कुठे आहे ते माहितीपुस्तिकेत आजच बघून ठेवा आणि तिचाही फोटो काढा. गन जमिनीवर टाकून न जाता जागेवर अडकवा. तिच्या तोंडात गेलेली माती पुढच्या गाडीच्या पोर्टात जाते.