वादळ रात्री येणार म्हटलं की गावोगाव होणाऱ्या चुका

'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं ते भर दुपारी. कुठला पत्रा कुठून येतोय ते निदान दिसत तरी होतं. तेव्हापासून किनाऱ्यावर एक खूळ रुजलंय: आधी वारा किती येतो बघू, मग निघू. रात्रीच्या वादळात हे चालत नाही. वीज गेलेली किंवा मुद्दाम बंद केलेली, पाखाडीवर, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेवर, माड आडवे, त्यात तुटलेल्या तारा. म्हातारी माणसं अशात हलवणार कशी? मी दुपारी चार वाजल्यानंतर कुणाचं 'चहा घेऊन निघतो' ऐकून घेत नाही. गुरांची दावी तेव्हाच सोडायची.

दुसरी चूक कागदावरच्या निवाऱ्याची. १६ मे २०२१ ला 'तौक्ते' चक्रीवादळ रत्नागिरीसमोरून वर सरकत होतं. शेजारच्या गावाने निवारा म्हणून शाळा लिहून दिलेली. वार रविवार, शाळेला उन्हाळी सुट्टी, वर लॉकडाऊन. किल्ली गुरुजींकडे आणि गुरुजी तालुक्याला. हे कळलं कधी, तर खालच्या वाडीतली बायामाणसं पावसात व्हरांड्यात येऊन उभी राहिली तेव्हा. आम्ही मदतीला पोचलो तोवर एकजण पहार आणायला गेला होता. कुलूप तुटलं, आत टाकीत पाण्याचा थेंब नाही, संडासात जुने बाक रचलेले. एक काकी म्हणाल्या, "यापेक्षा माझी पडवी बरी होती रे," आणि खरंच परत निघाल्या. त्यांना अडवायला दोघं दारात बसवावे लागले.

यलो अलर्ट लागला की मी स्वतः जाऊन कुलूप उघडून बघतो. फोनवर 'हो, किल्ली आहे' हे उत्तर मी धरत नाही. टाकी भरून घेतो, कारण नंतर पंप चालणार नाही. एक किल्ली शाळेजवळच्या घरात ठेवतो.

व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणजे गावाला कळलं, असं नव्या पोरांना वाटतं. उपग्रहाची रंगीत चित्रं दिवसभर फिरवतात, पण मध्यरात्री टॉवरची बॅटरी संपल्यावर काय, ते विचारलं की गप्प. प्रत्येक वाडीला एक माणूस, एक टॉर्च आणि वहीत लिहिलेली नावं: कोण चालू शकत नाही, कोण एकटं राहतं, कुठल्या बाईचे दिवस भरलेत. दार वाजवून, माणूस समोर दिसल्यावरच नावापुढे खूण.

पत्र्यावर दगड ठेवू नका. पत्रा उडाला की दगडही सुटतात. पत्रा धरून ठेवणारे जे-हुक आदल्या दिवशी आवळा, वरून दोर टाकून बांधा. झाडं छाटलीत तर फांद्या अंगणात सोडू नका.

जनरेटर घरात किंवा पडवीत कधीच नको, धुराने माणूस झोपेतच जातो.

वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, गावावरून गेला तर वारा अचानक पडतो. लोक छप्पर बघायला बाहेर येतात आणि मग उलट्या दिशेने पहिल्याइतकाच वारा सुटतो. म्हणून शाळेच्या दारातला माणूस सगळ्यात हट्टी निवडा.

लाटांचे व्हिडिओ काढायला बंदरावर जाणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही. त्यांच्या गाडीच्या चाव्या संध्याकाळीच आईकडे द्यायला लावतो.