देवमाशाचा सख्खा कोण? इंट्रॉनमध्ये शोधायची रीत

नाशिकला बीएस्सीच्या मुलांना उत्क्रांती शिकवताना मी आधी इंट्रॉन (जनुकातले, प्रथिनाच्या मजकुरात न येणारे मधले तुकडे) उघडायला लावते, हाडं नंतर. माणसाच्या डीएनएत प्रथिनांसाठीचा मजकूर जेमतेम १ ते २ टक्के. उरलेल्या पसाऱ्याला ‘कचरा’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. सस्तन प्राण्यांची नातीगोती तिथेच उत्तम टिकली आहेत.

प्रश्न एकच घ्या: देवमाशाला सर्वांत जवळचं कोण? गाय, डुक्कर, उंट की पाणघोडा?

शोधायचे ते ‘साइन’. काहीशे अक्षरांचे हे तुकडे स्वतःची नक्कल करून डीएनएत दुसरीकडे घुसतात आणि एकदा बसले की सहसा निघत नाहीत. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वहीत एखादी ओळ चुकून शिरली, तर तिच्यावरून उतरवलेल्या प्रत्येक वहीत ती त्याच जागी दिसेल. तसंच हे.

एनसीबीआय या डीएनए-क्रमांच्या ऑनलाइन संग्रहावरून गायीच्या एखाद्या जनुकाचा इंट्रॉन दोन्ही बाजूंच्या एक्झॉनसकट, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यांसकट, घ्या. एक्झॉन सावकाश बदलतात, म्हणून ब्लास्ट या सारखे क्रम शोधणाऱ्या साधनात ते टाकले की इतर प्राण्यांतली नेमकी तीच जागा सापडते. सगळे क्रम रिपीटमास्कर या साइनसारखे तुकडे ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून तपासून घ्या, मग माफ्ट या क्रम जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने एकाखाली एक जुळवा. जिथे डॉल्फिन (देवमाशाच्याच गटातला) आणि पाणघोड्याला अक्षरं आहेत आणि गाय, डुक्कर, उंटाला नुसत्या रेघा, म्हणजे रिकामी जागा, तिथे थांबा.

आता खरी तपासणी. साइन दोघांत एकाच कुळातला, एकाच दिशेने बसलेला हवा. तो घुसताना दोन्ही टोकांना तीच काही अक्षरं एकेकदा उमटून त्यांची जोडी तयार होते. ती दोघांत जुळली पाहिजे आणि डुकरात त्याच जागी ती अक्षरं एकदाच दिसली पाहिजेत. रेघांऐवजी ‘एन’ची रांग असेल, तर तो भाग वाचलाच गेलेला नाही. तिथे ‘नाही’ लिहू नका. मी मुलांना ‘माहीत नाही’ असा वेगळा रकाना आखायला लावते. अर्धे चुकीचे निष्कर्ष त्यानेच टळतात.

एका साइनवर नातं ठरवू नका. फांद्या भराभर फुटल्या असतील, तर पूर्वजांच्या कळपात काहींकडे तो तुकडा असतो, काहींकडे नसतो, आणि वारसा भलत्याच फांदीला जातो. वेगवेगळ्या ठिकाणचे किमान तीन साइन एकच साक्ष देत असतील आणि विरोधात एकही नसेल, तर बोला. जपानमध्ये निकाइदो, ओकादा आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली असेच अनेक साइन एकत्र मांडून पाणघोडाच सर्वांत जवळचा असल्याचं दाखवलं.

पीसीआरची (डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती काढायची) सोय असेल तर प्रायमर, म्हणजे प्रती कुठून सुरू करायच्या ते ठरवणारे छोटे तुकडे, एक्झॉनवर बसवा. साइन असलेल्या प्राण्याचा पट्टा जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) तेवढ्या अक्षरांनी मोठा, म्हणून मागे राहिलेला दिसेल.