तुमच्या गावच्या जुन्या कोर्टाच्या बिल्डिंगचा इतिहास कसा काढायचा (खास कोकणवाल्यांसाठी)

आधी कोर्टात जाऊ नका. आधी हे बघा की तुमचं गाव त्या काळात कुणाकडे होतं, कारण कोकणात कागद त्या हिशोबाने विखुरलेत. कुडाळ-मालवणवाले आज ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयाला जातात, पण सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला, त्याआधीचं सगळं रत्नागिरीच्या नावावर. सावंतवाडी 1948 पर्यंत संस्थान, मुरूड-श्रीवर्धन जंजिऱ्याच्या नवाबाकडे, म्हणजे तिथे न्यायखातं पण त्यांचंच. आणि अलिबागवाल्यांनो, जुन्या कागदात 'रायगड' शोधत बसाल तर काय मिळणार नाय, तेव्हा जिल्हा कुलाबा होता. रत्नागिरीचं पण तसंच, दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं आधी बाणकोटला होतं, 1822 ला रत्नागिरीत आलं, त्यामुळे कुणी 1820 पासूनचं जिल्हा कोर्ट सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मग गॅझेटियर उघडा, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती असलेलं सरकारी पुस्तक. रत्नागिरी-सावंतवाडी 1880, ठाणे 1882, कुलाबा-जंजिरा 1883. इंग्रजीत आहेत पण ऑनलाइन फुकट मिळतात. न्यायाचं प्रकरण वाचाच, पण खरा माल शेवटी, जिथे गावांची नावं ओळीने दिलीत, तिथे कोर्ट, मामलेदार कचेरी, पोस्ट असं एका ओळीत उरकलेलं असतं. ती ओळ एवढंच सांगते की त्या साली गावात कोर्ट होतं, आत्ता समोर दिसतंय त्याच बिल्डिंगमध्ये होतं असं नाही हां! कोर्ट भाड्याच्या घरात पण चालायचं. नंतर 1962 चं रत्नागिरीचं नवं गॅझेटियर घेऊन ताडून बघा.

बिल्डिंगसाठी सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड (जागा कुणाच्या नावावर ते दाखवणारा कागद) काढा आणि पीडब्ल्यूडीत, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यात, बांधकाम-दुरुस्तीच्या नोंदी विचारा. तोंडी विचारून कुणी कपाट उघडत नाय, सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत.

भिंती जांभ्याच्या आहेत म्हणून जुनी म्हणू नका, जांभा आजही लावतात. कौलावर 1865 दिसलं की लोक उड्या मारतात, अहो ते मंगळूरच्या बासेल मिशनचा कारखाना निघाला ते साल, कौल त्यानंतर कितीतरी वर्षांनी भाजलेलं असू शकतं.

एवढं झालं की मग कोर्टात जा, पण सुट्टीच्या आदल्या दिवशी नको. बार रूममध्ये जुने ग्रुप फोटो असतील तर खालची नावं-सालं लिहून घ्या, मागे दिसणारा व्हरांडा, खांब आजच्याशी जुळतात का बघा. रिटायर झालेले नाझर, बेलीफ (कोर्टाचे जुने कर्मचारी) गाठा, दप्तर कुठून कुठे हलवलं ते त्यांना तोंडपाठ असतं. आत मोबाईल काढायच्या आधी परवानगी घ्या, नायतर पट्टेवालाच बाहेर काढेल.