ऑटोनेगोशिएशनचं सोंग ड्रायव्हरमध्ये कसं वठवावं

इथरनेटची केबल लावली की दोन्ही टोकांच्या फाय चिपा (केबलवरचे सिग्नल हाताळणाऱ्या) आपसांत वेग आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी, हाफ म्हणजे आळीपाळीने) ठरवतात; हेच ऑटोनेगोशिएशन. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही चिपच नसते, तरी वरचा ड्रायव्हर तिची रजिस्टरं (चिपमधले छोटे माहितीचे कप्पे) वाचणारच. ती आपण पुरवायची.

१६ बिटांची ३२ रजिस्टरं मांडा. ० नियंत्रण, १ स्थिती, २ आणि ३ ओळख, ४ आपली क्षमता, ५ समोरच्याची. गिगाबिटसाठी ९, १० आणि १५. (बिट शून्यापासून मोजलेत.)

निकाल काढणं सोपं आहे: ४ आणि ५ यांच्यातला सर्वांत वरचा सामाईक पर्याय घ्या. गिगाबिट आधी पाहा. तिथे रजिस्टर १० मधले क्षमतेचे बिट रजिस्टर ९ मधल्यांपेक्षा दोन घरं डावीकडे असतात.

आता वेळेचा प्रश्न. रजिस्टर ० मध्ये ९वा बिट, म्हणजे 'पुन्हा ठरवा', लिहिला गेला की लगेच 'ठरलं' सांगून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. हिंजवडीच्या लॅबमध्ये मी तेच केलं होतं. वेग १००० वरून १०० वर आणला, रजिस्टरं चोख दिसत होती, मॅक (कार्डातला फायच्या वरचा, डेटाच्या फ्रेम पाठवणारा भाग) मात्र १००० वरच अडकलेला. आमचा ड्रायव्हर लिंक पडून उठली तरच मॅक नव्याने लावत असे, आणि माझी लिंक पडतच नव्हती.

म्हणून रजिस्टर ० मधला तो ९वा बिट स्वतःच पुसा, रजिस्टर १ मधले ५वा (ठरलं) आणि २रा (लिंक) हे बिट शून्य करा आणि टायमर लावा. क्यूएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं नकली ई१००० कार्ड ५०० मिलिसेकंद घेतं, तेवढे पुरतात. टायमर संपला की आधी रजिस्टर ५ भरा, मग ५वा बिट, शेवटी लिंक. क्रम उलटला तर ड्रायव्हर अर्धवट उत्तर वाचतो.

लिंकचा बिट साधा नाही. एकदा पडला की कोणी वाचेपर्यंत शून्यच राहतो, मधल्या काळात लिंक परत आली तरीही. वाचल्यावरच तो सध्याची स्थिती दाखवू लागतो. त्यासाठी दोन व्हेरिएबल ठेवा: सध्याची स्थिती आणि अडकलेली पडझड. इथे माझ्या दोन रात्री गेल्या. एमआयआय-टूलने (ही रजिस्टरं वाचून दाखवणारी लिनक्समधली कमांड) पाहिलं की दोष नाहीसा व्हायचा, कारण माझं पाहणंच तो बिट मोकळा करत होतं. तपासणीसाठी काहीही न बदलणारं वेगळं वाचन-फंक्शन लिहाच.

पडताळणीला खरं कार्ड आणि जुना १०/१०० स्विच शेजारी ठेवा. माझा स्विच मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातला आहे. केबल काढा, लावा, आणि दोन्हीकडे रजिस्टर १ कसं बदलतं ते ओळीने जुळवा.

समोरचं टोक १०० फुल डुप्लेक्सवर सक्तीने बांधलेलं असेल, तर खरी चिप वेग ओळखते पण हाफ डुप्लेक्स धरते. तुमच्या कोडनेही हाफच धरायचं, आणि रजिस्टर ६ चा ०वा बिट (समोरच्याला ऑटोनेगोशिएशन येतं का) शून्य ठेवायचा.