फीडमुळे आपलं राजकीय मत किती हलतं, ते कसं तपासावं

फीड म्हणजे फेसबुकसारखं ॲप उघडल्यावर एकामागून एक दिसणाऱ्या पोस्टची रांग. असं ॲप उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: सध्या गाजणारा एक राजकीय प्रश्न, त्याला आपला पाठिंबा ० ते १० पैकी किती, आणि शंभरातले किती जण आपल्यासारखाच विचार करत असतील याचा अंदाज. हा शेवटचा आकडा मोलाचा. आपलं मत हलण्याआधी बहुधा ‘लोक काय म्हणतायत’ हा अंदाज हलतो.

मग फीडमधल्या ५० राजकीय पोस्टची नोंद करा. पोस्ट कोणाची, त्याला आपण फॉलो करतो की ती ॲपने सुचवली, वाचून राग आला का, मूळ बातमीची लिंक आहे का. या वेळात लाइक-कमेंट करू नका, एकाच पोस्टवर रेंगाळूही नका. पुढे काय दाखवायचं हे ॲप त्यावरूनही ठरवतं आणि मोजणी बिघडते. निम्म्याहून जास्त पोस्ट पाच-सहा खात्यांच्याच निघाल्या, तर त्या फीडला जनमत समजू नका.

जवळच्या माणसांच्या पोस्टवर वेगळी खूण हवीच. अमेरिकेतल्या २०१० च्या निवडणुकीत फेसबुकवर ६.१ कोटी लोकांचा प्रयोग झाला. मतदान केल्याचं सांगणाऱ्या मित्रांचे चेहरे ज्यांना दिसले, त्यांच्यात मतदान किंचित वाढलं. नुसतं आवाहन पाहणाऱ्यांत वाढलं नाही. पुढचा प्रसारही मुख्यतः घट्ट मैत्रीतूनच झाला.

फीडचा हा प्रभाव कमी करायला दोन उपाय हमखास सुचवले जातात, दोन्ही अपुरे आहेत. पहिला, फीड वेळेच्या क्रमाने लावणं. २०२० मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तीन महिने हे करून पाहिलं गेलं. दिसणारा मजकूर बदलला, राजकीय मतांत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. दुसरा, विरोधी खाती फॉलो करणं. ट्विटरवरच्या एका प्रयोगात महिनाभर विरोधी बाजूचे संदेश वाचून अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचे समर्थक उलट आणखी कट्टर झाले. त्यापेक्षा विरोधी बाजूचा एक सविस्तर लेख शेवटपर्यंत वाचा आणि त्यातला सर्वांत भक्कम मुद्दा आपल्या शब्दांत दोन वाक्यांत मांडा. लेखकाला पटेल असा मांडता येईपर्यंत थांबू नका.

आठवड्याने जुना कागद न बघता दोन्ही आकडे पुन्हा लिहा. पाठिंबा दोनहून जास्त अंकांनी सरकला असेल, तर कोणत्या माहितीमुळे, हे एका ओळीत लिहा. ओळ सुचलीच नाही, तर रागाच्या आणि जवळच्यांच्या खुणा केलेल्या पोस्ट पुन्हा काढून वाचा.